पाव चमचा सर्पगंधा

गेल्या श्रावणात भल्या सकाळी वहिनींचा फोन आला. "वन्सं, ह्यांचा घोळणा फुटलाय. अर्धा तास झाला, थांबतच नाहीये." मी साताऱ्यात, दादा-वहिनी कोरेगावच्या पुढे शेतावर. मी पोचेपर्यंत शेजारच्या पोरांनी दादाला जीपमधून दवाखान्यात नेलं होतं. रक्तदाब २०८/११२. नाकात कापसाचा बोळा, पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे डाग, आणि दादा मला म्हणतो, "अगं, गोळी बंद करून तीन महिने झाले. आता मुळीवर आहे मी. झाडपाल्याचं औषध, गुण नाही आला तरी अपाय नाही."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. आमच्या वडिलांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. हिरडा, बेहडा, अश्वगंधा, वावडिंग यांच्या पोत्यांमध्ये मी अभ्यास केला आणि पुढे एकतीस वर्षं औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वनस्पतिजन्य औषधं ओळखायला शिकवलं. मुळ्यांवर माझा जीव आहे. म्हणूनच हा लेख लिहिते आहे. उच्च रक्तदाबावर मुळीत काही आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर "आहे, नक्की आहे" असंच आहे. पण ते किती आहे, कोणाला, किती दिवस आणि काय किंमत मोजून, हे विचारणं आपण सोडून दिलं आहे. त्याचा मला राग येतो.

दादाला त्याच्या भजनी मंडळातल्या कोणीतरी सर्पगंधेची पूड आणून दिली होती. पहिली पुडी दीड महिना पुरली. तेवढ्यात रक्तदाब १७० वरून १४० च्या आसपास उतरला. गावातल्या आरोग्यसेविकेनेच मोजला होता, त्यामुळे त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण त्याच दिवसांत त्याचं नाक सतत चोंदलेलं असायचं. एकादशीच्या भजनाला तो गेला नाही. "ओसरीवर नुसते बसून असायचे हो, बोलायचे नाहीत," वहिनी सांगत होत्या. त्यांना वाटलं, वय झालं. मग दुसरी पुडी आली, त्याच दुकानातली. या वेळी नाक मोकळं झालं, दादा बोलायला लागला, भजनाला जायला लागला. रक्तदाब मोजायला मात्र कोणी गेलं नाही, कारण तब्येत सुधारली होती ना!

मी दोन्ही पुड्यांतलं उरलंसुरलं घरी आणलं. निवृत्त झाल्यावरही जुना सूक्ष्मदर्शक मी जवळ ठेवला आहे. सर्पगंधेच्या मुळीची एक खूण मी विद्यार्थ्यांकडून घोटून घ्यायची. तिच्या सालीत स्टोन सेल, म्हणजे दगडासारख्या जाड भिंतीच्या पेशी नसतात. पिष्टाचे कण भरपूर सापडतात. अमेरिकेतून येऊन आपल्याकडे रुजलेली तिची एक चुलतबहीण आहे, रौवोल्फिया टेट्राफायला. बागेत लावतात, फळं आधी लाल मग काळी होतात. तिच्या सालीत या दगडी पेशी असतात, आणि रक्तदाब उतरवणारं द्रव्य सर्पगंधेपेक्षा कमी असतं. पुडीवर फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब टाकायचा, मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा. लाकडाचे धागे आणि वाहिन्या तर लाल होतातच, पण दगडी पेशी असतील तर त्या गुच्छागुच्छाने लालभडक उठून दिसतात. पहिल्या पुडीत त्या नव्हत्या. दुसऱ्या पुडीत काच जिकडे सरकवावी तिकडे लाल. एकच दुकान, एकच नाव, वेगळ्याच मुळ्या.

मग मी दुसरी गोष्ट केली. दादाला "पाव चमचा सकाळ-संध्याकाळ" असं सांगितलं होतं. मी छोटा तराजू मांडला आणि त्याच चमच्याने दादाला, वहिनींना पाव चमचा भरायला सांगितलं, मीही भरला. दादाचा ७८० मिलिग्रॅम, वहिनींचा ६१०, माझा ४३०. सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या जेव्हा डॉक्टर लिहून देत, तेव्हा संपूर्ण मुळीची पूड दिवसाला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम देत. दादा दिवसाला दीड ग्रॅम घेत होता. तो ओसरीवर नुसता बसून का असायचा, ते मला त्या तराजूवर समजलं.

एवढ्यावर थांबले असते तर सगळं नीट जुळलं असतं. पण निघताना दादाच्या सदऱ्याच्या खिशात मला ज्येष्ठमधाच्या काड्या दिसल्या. गळा चांगला राहावा म्हणून तो दिवसभर एक काडी गालात धरून असतो, गेली कित्येक वर्षं. ज्येष्ठमध हीही मुळीच. आणि ती रक्तदाब चढवते. तिच्यातल्या ग्लिसरायझिनमुळे मूत्रपिंडातलं एक विकर अडतं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. खोकल्यासाठी दोन-चार दिवस चघळली तर सहसा कोणाला काही होत नाही. पण रक्तदाब असलेल्या माणसाने रोज, वर्षानुवर्षं चघळणं ही वेगळी गोष्ट आहे. आजवर कोणत्याही डॉक्टरने दादाला त्याबद्दल विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि याची मला आजही बोचणी आहे.

तर मग दादाचा रक्तदाब २०८ कशाने झाला? गोळी सोडल्याने, दुसऱ्या पुडीत दम नसल्याने, ज्येष्ठमधाने, की श्रावणातल्या उपासाच्या खारवलेल्या वेफर्सने? मी सूक्ष्मदर्शक आणि तराजू घेऊन बसले तरी सांगू शकत नाही. एका माणसावरून हे कळतच नाही. "माझ्या काकांना गुण आला" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण त्याच्या काकांच्या खिशात काय होतं, ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून पन्नास माणसं लागतात, पाचशे लागतात, आणि त्यांचे आकडे लिहून ठेवणारं कोणीतरी लागतं.

असं लिहून ठेवणारा माणूस आपल्या मुंबईत होऊन गेला. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील. १९४९ साली त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधा वापरून आलेले निष्कर्ष आकड्यांसह प्रसिद्ध केले. माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी हा निबंध वाचायला लावायची. त्याआधी रक्तदाबावर अशी सौम्य, पोटातून घ्यायची, रोज चालणारी औषधं जगात जवळजवळ नव्हतीच. अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वकिलांचं काम वाचून तिकडे सर्पगंधा वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं, आणि पुढची काही वर्षं जगभरचे डॉक्टर ते लिहून देत होते. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, दुसऱ्या वर्षी पद्मभूषण. परळवरून जाणाऱ्या किती लोकांना हे नाव ठाऊक आहे?

वकील एकटे नव्हते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरचं औषध म्हणून सर्पगंधेवर लिहिलं होतं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतली अल्कलॉइडं वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिलं. हृदयाच्या ठोक्यांचा ब्रुगाडा नावाचा एक आजार ओळखायला ते आजही शिरेतून देतात. वैद्य, हकीम, रसायनशास्त्रज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, सगळे एका मुळीभोवती जमले होते. कोणी कोणाला हिणवत नव्हतं, निदान कामाच्या आड ते येऊ देत नव्हते. मला आपल्या देशाच्या विज्ञानातलं हे फार सुंदर पान वाटतं.

आता मुळीच्या दुसऱ्या बाजूबद्दल, कारण तीही अशाच नोंदींतून कळली. मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअॅड्रिनलिन, डोपामिन, सेरोटोनिन यांचे छोटे साठे असतात. रेसरपिन हे साठे भरू देत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. पण मेंदूतले साठेही रिकामे होतात. १९५० च्या दशकात स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं, तेव्हा ससे हालचालच करेनात. मग एल-डोपा टोचल्यावर ते पुन्हा उठले. त्यातून पार्किन्सनच्या उपचाराची वाट निघाली आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. मला तो ससा आठवला की ओसरीवर बसलेला दादा आठवतो. मोठ्या मात्रेत रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आलं, जठराचे व्रण बळावले, नाकं चोंदली. हे सगळं नोंदवलं गेलं, म्हणून मात्रा उतरवत आणली गेली. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याची शंका आली. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही, पण नाव खराब व्हायचं ते झालंच. नवी औषधं आली आणि रेसरपिन मागे पडलं. आपल्याकडे अॅडेल्फेनच्या गोळ्या घेणारी पिढी अजून हयात आहे. त्यात रेसरपिनच होतं.

आणि इथे मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे. रक्तदाबावर एकट्या रेसरपिनचा परिणाम खोट्या गोळीशी तुलना करून तपासणाऱ्या चाचण्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात गोळा केल्या गेल्या, तेव्हा निकषात बसणाऱ्या फक्त चार सापडल्या. चारही मिळून २३७ माणसं. वरचा आकडा सरासरी आठाच्या आसपास उतरला, म्हणजे औषध काम करतं. पण सर्वांत कमी किती मात्रा पुरेल, त्या मात्रेत मनावर परिणाम होतो का, हे त्या चाचण्यांतून नीट सांगता आलं नाही. ज्या औषधाने रक्तदाबाच्या उपचारांचं युग सुरू झालं, त्याच्यावर एवढंच काम! कारण उघड आहे. पेटंट नाही, किंमत कवडीमोल, मग चाचणीवर पैसे कोण घालणार?

सरकारने घालावेत. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार. आपल्याकडे आयुर्वेदाच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळतो, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत रक्तदाबाच्या रुग्णांची रांग दारापर्यंत येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. मग द्रव्याचं प्रमाण ठरलेली मुळी घ्या, मात्रा ठरवा, निम्म्या लोकांना नेहमीची गोळी द्या, निम्म्यांना ही. घेणाऱ्यालाही कळू नये आणि मोजणाऱ्यालाही. रक्तदाबाबरोबर झोप, मन, नाक, पोट, नाडी यांच्याही नोंदी घ्या. वर्षभर. निकाल काहीही येवो, जसाच्या तसा छापा. सर्पगंधा हरली तर हरली. पुनर्नवेची मुळी लघवी वाढवते म्हणून रक्तदाबावर दिली जाते, जटामांसी मन शांत करते म्हणून. त्यांनाही हीच कसोटी लावा. लंडनमध्ये २०१५ मध्ये ६४ रुग्णांवर चार आठवडे रोज पेलाभर बीटाच्या रसाची चाचणी घेतली आणि वरचा आकडा आठाने उतरल्याचं दाखवलं. बीट हेही मूळच, आणि तिथे कोणी ते कमीपणाचं मानलं नाही.

माझे काही वैद्य मित्र म्हणतात, "हजारो वर्षांच्या अनुभवाला तुमच्या चाचणीचं प्रशस्तिपत्र कशाला?" त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि मी त्यांना एकच सांगते. पूर्वी रक्तदाब मोजायचं यंत्रच नव्हतं. दंडाला पट्टा बांधून मोजणं सुरू झालं ते १८९६ साली, इटलीत. रिव्हा-रोची यांच्या यंत्राआधी रोजच्या तपासणीत हा आकडा मोजणं कुठल्याही देशात सहज नव्हतं. तेव्हा सर्पगंधा दिली जायची ती सर्पदंशावर, वेडावर, निद्रानाशावर. रक्तदाबाचा अनुभव हा विसाव्या शतकातला आहे, आणि तो आपल्याच लोकांनी मोजून मिळवला आहे. दुसऱ्या बाजूला माझे डॉक्टर मित्र "सगळी थोतांडं" म्हणून हात झटकतात. तेव्हा मला वकिलांचा निबंध त्यांच्या पुढ्यात ठेवावासा वाटतो. आणि दोघांनाही विचारावंसं वाटतं, की तुमच्या रुग्णाला तुम्ही "आणखी काय काय घेता?" हे कधी विचारलं होतं. रागावून नाही. रागावून विचारलं की लोक लपवतात. दादाने लपवलंच होतं.

पुडी विकणाऱ्यांबद्दल मात्र मला सौम्य लिहिता येणार नाही. आतल्या द्रव्याचं प्रमाण न सांगता "रक्तदाबावर रामबाण" म्हणून पूड विकणं आणि वर "गोळ्या बंद करा" असा सल्ला देणं हे माणसाच्या जिवाशी खेळणं आहे. रेसरपिनची गोळी घ्यायला आपण डॉक्टरांकडे जातो. तेच रेसरपिन पुडीत आहे, आणि किती ते माहीत नाही. पुडीवर मुळीचं शास्त्रीय नाव, द्रव्याचं प्रमाण, मिलिग्रॅममध्ये मात्रा आणि नैराश्य किंवा जठराचा व्रण असलेल्यांनी घेऊ नये ही सूचना, एवढं मोठ्या अक्षरांत मराठीत हवं. आणि तपासणीसाठी पुड्या बाजारातून उचलल्या जाव्यात, कारखान्यातून दिलेले नमुने नकोत.

आणखी एक गोष्ट, जी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. मुळी काढायची म्हणजे झाड मारायचं. पान तोडलं तर पुन्हा फुटतं, मूळ उपटलं की संपलं. रेसरपिनचा बोलबाला झाला त्या वर्षांत आपल्या जंगलांतून सर्पगंधा पोत्यांनी गेली. आज तिच्या मुळ्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. वडिलांच्या दुकानात मी लहान असताना तिच्या वेड्यावाकड्या, राखाडी-तपकिरी मुळ्या टोपलीभर असायच्या. तोडली की पिठूळ मोडायची, जिभेवर ठेवली की कडूजहर, वास मात्र काहीच नाही. नावात गंध आहे आणि मुळीला गंध नाही, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं. पुढे टोपली लहान होत गेली. शेवटी वडील म्हणाले, "आता जी येते ती ती नव्हे," आणि त्यांनी विकणंच बंद केलं. लागवडीची मुळी वापरायची तर बियांची उगवण कमी, दीड-दोन वर्षं थांबावं लागतं, आणि बाजारात खऱ्या-खोट्याला एकच भाव. मग शेतकऱ्याने का लावावी? मुळीतलं द्रव्य मोजून भाव मिळाला तर लावील. अंगणातल्या सदाफुलीच्या मुळातही सर्पगंधेतलं एक द्रव्य, अजमलिसीन, मिळतं, आणि सदाफुलीला आपल्याकडे तोटा नाही. हे वाचून कोणी सदाफुलीची मुळं उकळून प्यायला लागू नये. तिच्यात कर्करोगावरच्या औषधांची जहाल द्रव्यंही असतात.

दादाला दवाखान्यात दोन रात्री ठेवलं. सरकारच्या रक्तदाब नियंत्रणाच्या कार्यक्रमात सातारा जिल्हा सुरुवातीपासून आहे, त्यामुळे आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. दादाला त्या आधीही मिळत होत्याच. घरी परतताना त्याने मला विचारलं, "म्हणजे मुळी खोटी?" मी म्हटलं, "मुळी खरी आहे दादा. पुडी खोटी होती आणि चमचा मोठा होता." तो बराच वेळ बाहेर बघत होता. मग खिशातल्या ज्येष्ठमधाच्या काड्या काढून त्याने वहिनींच्या हातात दिल्या.

आता भजनाच्या वहीच्या मागच्या पानांवर वहिनी रोज सकाळी आकडे लिहितात. गेल्या गुरुवारी १३४/८२ होता. दोन्ही पुड्या माझ्या कपाटात आहेत. मी त्यांना चिठ्ठ्या लावल्या आहेत, जशा एकतीस वर्षं लावल्या: नाव, आणल्याची तारीख, रंग, चव, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं. रेसरपिनच्या प्रमाणाचा रकाना दोन्हींवर कोरा आहे. ते मोजायचं यंत्र आमच्या जुन्या महाविद्यालयात आहे. नमुने घेऊन पुढच्या सोमवारी मी तिकडे जाणार आहे.